कपाटातली पिशवी

हॅलिफॅक्स

आई, नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बर्फ अजून आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आफ्रिकेत, मलावीत ज्या नर्सेसना मी शिकवून आले, त्यांतल्या चिसोमोचा काल फोन आला. त्यांच्या दवाखान्यात एक बाळ जन्मलं, पण रडलंच नाही. श्वास द्यायची रबरी पिशवी मीच दिली होती. ‘नीट जपा’ असं बजावलंही होतं. म्हणून त्यांनी ती कपाटात कुलूप लावून ठेवलेली. किल्ली सापडेपर्यंत बाळ गेलं. वर तीच माझी माफी मागत होती गं.

इथले म्हणतात, नॉट युअर फॉल्ट. मग कुणाचा?

तू सिस्टर होतीस, तेव्हा ती पिशवी बाळंतपणाच्या टेबलाशेजारी खुंटीला टांगलेली असायची. लहानपणापासून बघत आले मी. त्यांना तेवढंच सांगायचं राहिलं.

तुझी,
रुचा