ठमीच्या वाटचं बोलणं

३ जून
नात तीन वर्षांची झाली, बोलत नाही. नुसतं बोट दाखवते. सूनबाई म्हणते, स्पीचवाल्या मॅडमना दाखवू, नाहीतर दिवसभर पाळणाघरात ठेवू, चार पोरांत बोलेल. म्हणजे मी घरात काय, फर्निचर? माझी चौथी झाली नाही, पण बोलण्यात मला अजून कोणी हरवलेलं नाही. दोष सूनबाईच्या माहेरचा. सगळे मुखदुर्बळ. तिचे वडील लग्नात दोनदा खोकले, तेवढंच भाषण.
संकल्प : ठमीला मीच बोलती करणार. पोर माझ्यापाशीच राहील.

५ जून
शिकवणी सुरू. विचारलं, ठमे, हे काय? केळं. कसं आहे? पिवळं. हवं का? हवं. माझं एकही उत्तर चुकलं नाही. ठमीनं केळं खाल्लं. मॅडम आणखी काय दिवे लावणार?

६ जून, दुपार
शेजारीण म्हणाली, पोरीला बोलू तरी द्या. म्हटलं, तुम्ही आधी नवऱ्याला बोलू द्या. गेली तणतणत.
ठमीनं दाराकडे बोट केलं. मला न सांगता कळतं. चप्पल दिली. नको. पाणी दिलं. तेही नको. हट्टी. आजोळावर गेलीय.

११ जून
मॅडम म्हणजे कालची पोर, केसांत पेन्सिल खोचलेली. चित्र दाखवून ठमीला विचारलं, हा कोण? म्हटलं, कुत्रा. हे काय? म्हटलं, छत्री. सगळं बरोबर, तरी मॅडमचं तोंड आंबट. मला बाहेर बसवलं.
दाराला कान लागला. आत कोणीतरी बाहुलीला झापत होतं, गप बस मेले, मला सगळं कळतं, गीळ मुकाट्यानं. मनात म्हटलं, काय ही मॅडमची जीभ! दार उघडलं. ती ठमी होती.
निकाल : पोरीला सगळं येतं, घरात तिचा नंबर लागत नाही. आजीनं गप्प राहायचं. रविवारपर्यंत घरी बोलली तर ठीक, नाहीतर पाळणाघर.
बोली माझी उचलली, आणि वर दोषही माझाच!

१२ जून
मौन सुरू. लेकानं शर्ट उलटा घातला होता, तेवढ्यापुरतं सोडलं. मग दूधवाल्यासाठी. मग सूनबाईच्या भाजीत मीठ नव्हतं. तसं मौन ठमीपुरतंच आहे.

१६ जून, रविवार
सकाळपासून ओठ शिवल्यासारखी बसले. ठमी आली. माझं नाक दाबलं, कान ओढला. हूं नाही की चूं नाही. तशी स्वयंपाकघरात पळाली आणि खणखणीत ओरडली, आई, आजी बंद पडली, चार्जिंगला लाव.
सूनबाईच्या हातातलं पातेलं खाली. लेक पेपर टाकून धावला. जिंकले! म्हटलं, बघा, नात कुणाची! मी दीड वर्षाची असताना अख्ख्या आळीशी भांडायचे. असं थोडंसंच बोलले. सूनबाईनं ठमीला जवळ घेऊन विचारलं, अजून काय सांगायचंय राणी? म्हटलं, दूध हवंय तिला.
ठमीनं बोट दाखवलं. माझ्याकडे.
सूनबाईनं पाळणाघराला फोन लावला. उद्यापासून आणते म्हणाली. तिकडून विचारलं असावं, मुलगी बोलते का. सूनबाई म्हणाली, बोलते, आजी नसली की.
यावर मला उत्तर सुचलं नाही. उद्या सुचेल. ऐकायला घरात कोणी नसेल.