धार तिरकी धरायची

माधवनगर,
५ डिसेंबर १९७६

प्रिय आकाराम,

लोणंदला जाऊन तुला दोन महिने झाले, पण एक कार्डसुद्धा नाही. मी म्हटलं, नवा मालक, नवी गाडी, सवड नसेल. मनाची समजूत घालण्यात मी पहिल्यापासून पटाईत, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! इकडे गाडी धुण्याचा आपला पंप ठीक चाललाय. उसाचा हंगाम असल्यामुळे ट्रॉल्या चिखलाने मढून येतात. परवा गिरणीच्या मेस्त्रीने जाळ्यांत अडकलेला कापूससुद्धा धारेने उडवून घेतला. तुझी भाभी झुबेदा म्हणते, "आता माणसंबी धुवायला लागा की!" एरवी मी हसलो असतो.

पंप आला तो दिवस आठवतो का? पलटणीत ट्रक असल्या पंपाने धुतात, ही खबर तूच आणली होतीस. बघायला अर्धं माधवनगर जमलं. हौदातलं पाणी साधं विहिरीचंच, पण मोटार पट्टा फिरवते, तीन दट्टे आळीपाळीने पाणी रेटतात आणि ते सगळं पितळी तोटीच्या ज्वारीएवढ्या भोकातून बाहेर पडायला धडपडतं, म्हणून त्याला एवढा जोर. हे मी लोकांना समजावून सांगतोय तोवर तू तोटीपुढे बोट धरलंस आणि नखाजवळची कातडी सोलून घेतलीस. "आयला, पानी हाय का तासणी!" म्हणून नाचत सुटलास. तेव्हा मी तुला धंद्याची पहिली गोष्ट सांगितली होती. धार तिरकी धरायची. तिरकी धरली की चिखल उचलला जातो. सरळ धरली की तो आत रेटला जातो आणि फटीत घट्ट बसतो. नंतरही शंभरदा सांगितलं. तू म्हणायचास, "तुजं तू धू रं, माजं काम चालवायचं."

म्हणूनच भाद्रपदातल्या त्या सकाळचं मला नवल वाटलं. तू जतहून ट्रक घेऊन आलास, पुढची जाळी चेपलेली, खाली लालभडक. म्हणालास, "मेंढरू आडवं आलं गड्या, लय वंगाळ दिसतंय. मालकानं बघायच्या आत धुऊन टाकू." वरचा भाग मी धुतला. मी खाली वाकणार, तेवढ्यात माझ्या हातातून तोटी घेतलीस. "तुजी कंबर दुकतीय न्हवं? तू चा घे, खालचं मी बघतो." तुझी माया बघून मला भरून आलं रे. पाच वर्षांत कधी फडकं न उचलणारा माझा दोस्त ट्रकखाली निजून चिखल धूत होता, आणि मी खुळ्यासारखा चहा फुंकत बसलो होतो.

आठ दिवसांनी बनुबाई आली. जतकडची धनगरीण, नवरा बिराप्पा. मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडेने चालला असताना कुठल्याशा ट्रकने त्याला उडवलं आणि न थांबता निघून गेला. नंबर कुणी पाहिला नव्हता. काखेत नवऱ्याची घोंगडी, काळी, काठाला तिने स्वतः घातलेला तांबड्या लोकरीचा टाका. एक कोपरा फाटून गेलेला. तिला कुणी सांगितलं होतं, की त्या रस्त्याच्या गाड्या माझ्याच पंपावर धुवायला येतात. मी तिला सांगितलं, "बाई, एकच गाडी तशी आली होती, पण ती मेंढराची. डायवर माझ्या भावासारखा हाय, अल्लाची आन, त्यो मानूस टाकून जायाचा न्हाई." ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमी आन घेतलीसा दादा. आता म्या कुनाला इचारत फिरत न्हाई." आणि खरंच तिने शोध सोडला. माझ्या शब्दावर सोडला.

त्याच दिवशी संध्याकाळी तुला मी हे सगळं सांगितलं. आन घेतली तेही सांगितलं. तू बशीतला चहा संपवलास, माझा खांदा दाबलास आणि म्हणालास, "बरं केलंस." महिना व्हायच्या आत लोणंदची नोकरी धरलीस.

गेल्या मंगळवारी तोच ट्रक नवा ड्रायव्हर घेऊन आला. चाकावरचा पोलादी पाटा तुटला होता. पाटा सोडवला तर त्याच्या आणि चासीच्या बेचक्यात चिखलाचा दगडासारखा गोळा. तिथे धार कुणीतरी सरळ धरली होती. माझ्या पंपावर अशी चूक करणारा एकच माणूस. गोळा फोडला तर आत काळ्या लोकरीचा कोपरा निघाला, काठाला तांबडा टाका. मेंढरू घोंगडी पांघरून चालत नाही, आकाराम.

तू घाबरलास हे मी समजू शकतो. थांबला नाहीस, त्याचा जाब तुला दुसरीकडे द्यायचा आहे. पण माझ्या पंपावर, माझ्या हातांनी तू ते रक्त धुऊन घेतलंस. मी खोटी आन घेतली हे ऐकूनही तू चहा संपवलास. तिथे तू मला फसवलंस. तेव्हा एक शब्द बोलला असतास, तर मी तुझा हात धरून तुला तिच्यापुढे नेलं असतं, आणि परत येतानाही सोडला नसता. चार रात्री मी हे पत्र मनात लिहून फाडतोय.

तो कोपरा मी धुतलेला नाही. तसाच रुमालात बांधून ठेवलाय. येत्या सोळा तारखेला तो बनुबाईच्या हातात देणार, माझी आन परत घेणार आणि तिथून तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाणार. हे तुला आधी कळावं, माझ्यासारखं नंतर कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. सकाळी आठला मिरजेच्या स्टँडवर मी जतच्या गाडीची दोन तिकिटं काढीन. तू आलास तर तिला तूच सांग, मी शेजारी उभा राहीन. नाही आलास तर तुझं नाव मला घ्यावं लागेल, आणि या वेळी आन घ्यायची गरज पडणार नाही.

सोळा तारखेपर्यंत तरी तुझाच,
इलियास