मूळ क्रम बिघडवू नये

४ सप्टेंबर
बाबांना जाऊन दोन महिने होत आले. मी सावरलो आहे. ताईला तसं वाटत नाही, पण ती लांब राहते.
फेलोशिपची जाहिरात आली. जर्मन समाज आणि इतिहासावर काम करणाऱ्या नवोदित संशोधकांना तीन महिने जर्मनीत राहून जुनी कागदपत्रं वाचायला मिळणार. जणू मला डोळ्यांपुढे ठेवूनच छापली आहे. ताई फोनवर म्हणाली, छत्तिसाव्या वर्षी नवोदित? मग जुना कधी होणार, पेन्शन घेताना?
दुर्लक्ष केलं.

६ सप्टेंबर
विषय पक्का: एका जर्मन गावातल्या गिरणी कामगारांचं मयत मंडळ. दरमहा वर्गणी भरायची, मेल्यावर मंडळ पेटी आणि खांदेकरी देणार. आई म्हणाली, अरे, सध्या तरी दुसरं काहीतरी वाच की. तिला सांगितलं, विषय आधी ठरला, बाबा नंतर गेले. क्रमाची गल्लत नको.

९ सप्टेंबर
आई सकाळी म्हणाली, बाबांचं कपाट एकदा उघडून बघ, तुझी पुस्तकं किती दिवस जमिनीवर लोळणार? म्हणजे बाबांच्या वस्तू हलवायच्या. तिला समजावलं, अर्काइव्हचा, म्हणजे जुन्या दप्तरखान्याचा, पहिला नियम असा की माणूस जसं ठेवून गेला तसंच राहू द्यायचं, मूळ क्रम बिघडवायचा नाही. ती काहीतरी सांगायला लागली. मी हात वर केला. नियम तो नियम. किल्ली मागून घेतली. तिने मुकाट्याने दिली. पटलं असावं.

१५ सप्टेंबर
जुनी जर्मन लिपी रोज पहाटे पाचला उठून शिकायची असं ठरवलं होतं. उद्यापासून.

२० सप्टेंबर
लिपीतला एक शब्द लागला. बहुधा ‘आणि’.

२२ सप्टेंबर
गाईडसरांकडे गेलो. सर म्हणाले, अर्ज करण्याआधी त्या अर्काइव्हची वेबसाइट नीट बघून घे बाबा. सरांना स्क्रीनचा फार नाद. खरा इतिहासकार कागदाला हात लावतो. शिफारसपत्राचं विचारल्यावर ‘बघू’ म्हणाले. म्हणजे देणार.

३ ऑक्टोबर
अर्ज गेला. अर्काइव्हमध्ये पेन चालत नाही, म्हणून घरातही पेन्सिलच वापरतो आहे. वाचताना टेबलावर चहा नको, असंही आईला सांगितलं. ती म्हणाली, मग दारात उभा राहून पी. दारात उभा राहून प्यायलो. सवय लागते आहे.

१९ ऑक्टोबर
पहाटेची थंडी पडायला लागली. खालच्या वॉचमनच्या अंगात चौकड्यांचा स्वेटर होता, थेट बाबांच्यासारखा. हल्ली असे बरेच निघतात. तपशिलावर नजर असणं हेच आमचं भांडवल. त्याने नमस्कार केला, जरा जास्तच आपुलकीने.

१० नोव्हेंबर
ऑनलाइन मुलाखत. बाई दोनदा म्हणाल्या, तुम्हाला प्रत्यक्ष इथेच का यायचं आहे? दोन्ही वेळा ठामपणे सांगितलं, मला तिथे यायचं आहे. सकाळी चहाच्या वेळी समोरची खुर्ची रिकामी दिसते, हे मुलाखतीत सांगण्यासारखं कारण नव्हे. एकूण उत्तम झाली. आईला म्हटलं, जानेवारीत निघेन. ती म्हणाली, जा, मी राहीन. मग भाजी निवडत बसली.

२ डिसेंबर
निवड झाली नाही. भाषा अत्यंत सभ्य. परीक्षकांचं मत: मयत मंडळाचं सगळं दप्तर चार वर्षांपूर्वीच स्कॅन होऊन सर्वांना खुलं आहे, प्रवासाची गरज दिसत नाही. खाली लिंक.
लिंक उघडते.
ताई म्हणाली, चार वर्षं दार उघडं होतं आणि तू बेल वाजवत बसलास.

३ डिसेंबर
जायचं नाही, तेव्हा घरचंच दप्तर म्हणून बाबांचं कपाट उघडायला हरकत नव्हती. टोक केलेल्या दोन पेन्सिली घेऊन बसलो, आधी सगळ्याची यादी करायची म्हणून.
कपाट रिकामं. हँगर, आणि खाली अंथरलेला नवा कागद.
आई म्हणाली, जुलैमध्ये तू सेमिनारला गेलास ना, तेव्हाच ताईने आणि मी आवरलं. तू असताना जमलं नसतं. तुझ्या पुस्तकांसाठीच कागद अंथरला होता. सांगायला गेले तर तू हात वर केलास, ट्रॅफिक पोलिसासारखा.
तीन महिने मी रिकाम्या कपाटाची किल्ली खिशात घेऊन हिंडत होतो.
मी विचारलं, आणि तो चौकड्यांचा स्वेटर? ती म्हणाली, रोज तर बघतोस.

४ डिसेंबर
पुस्तकं लावली. क्रम आईने ठरवला, मोठी खाली, लहान वर. संशोधनाच्या दृष्टीने निरुपयोगी. मी एकेक पुस्तक तिच्या हातात देत गेलो.
लॅपटॉप चहाच्या टेबलावर ठेवून दप्तराचं पहिलं पान उघडलं. आई समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. म्हणाली, काय लिहिलंय? म्हटलं, एक शब्द येतो. ती म्हणाली, मग तोच वाच.
संध्याकाळी वॉचमन फाटक लावत होता. स्वेटर त्याला बराच सैल होतो.