किनारी रेल्वेचं मत आणि माझी इतर मिळकत

मी, लायनेल गारसाइड, वय ब्याऐंशी, राहणार चॅपल टेरेस, स्कार्थ, बेचाळीस वर्षं ह्याच गावचा खासदार आणि आता कोणाचाच कोणी नाही, हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. पाय गेले, कान अर्धे उरलेत, पण मृत्युपत्राला डोकं तेवढं लागतं असं माझे वकील सिरिल पिकर्सगिल म्हणतात. ह्याआधीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी स्वतःबद्दल बरंच चांगलं लिहिलं होतं.

१. राहतं घर, सामानासकट, माझी एकुलती मुलगी हॅरिएट हिला द्यावं. मागच्या खोलीचं छप्पर गळतं, ते तिनं बघून घ्यावं. तिच्या आईनं, डोरानं, ह्या घरात दर सोमवारी माझी बॅग भरली आणि दर शुक्रवारी रिकामी केली. मधले दिवस ती एकटी कशी काढायची हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

२. बँकेत फारसं काही नाही. अंत्यविधी भागवून उरेल ते चॅपलच्या हॉलला द्यावं, शेगडीसाठी. दर शनिवारी लोक तिथे माझ्याकडे गाऱ्हाणी घेऊन यायचे आणि अंगातला कोट न काढता बसायचे. मी दर निवडणुकीत शेगडीचं आश्वासन दिलं होतं.

३. बागेतली कुदळ, फावडं आणि लीकचे, म्हणजे त्या जाड कांदापातीचे, दोन वाफे शेजारच्या टॉम्लिन्सनला. त्यानं परीक्षक म्हणून माझ्या लीकच्या जुड्यांना भाजी-प्रदर्शनात सतत दुसरा नंबर दिला. वाफे घेऊन तरी त्याला लाज वाटते का बघू.

४. आमचे तेव्हाचे मुख्य प्रतोद मेजर फॉदरगिल हयात असल्यास त्यांना माझी मोडकी छत्री द्यावी. एका मताची शिक्षा म्हणून त्यांनी मला चौदा वर्षं संसदेतल्या स्वयंपाकघराच्या धुराड्याशेजारची खोली दिली होती. पक्षाच्या कचेरीत माझं तैलचित्र आहे, खाली ‘विवेकाला जागलेला माणूस’ असं लिहिलेलं. ते उतरवावं. का, ते पुढे येतंच.

५. हे कलम मिरियम बर्टविसल, राहणार हॅलोबी, हिच्यासाठी. तिला मी वस्तू काही देत नाही. दिली तर ती दारातूनच परत करेल, आणि बरोबरच करेल. हॅरिएटनं तिच्यासमोर बसून पुढचा मजकूर मोठ्यानं वाचावा.

तिचा नवरा अर्नेस्ट आणि मी एकाच दिवशी निवडून आलो. मी स्कार्थमधून, तो शेजारच्या हॅलोबीतून. पंधरा वर्षं एकाच डब्यातून लंडनला गेलो, त्याच्या डब्यातली सँडविचं अर्धी मी खाल्ली. १९६५ साली आमच्याच सरकारनं किनारी रेल्वे बंद करायचं विधेयक आणलं. गाडी दोन्ही गावांतून जायची. बहुमत अगदी काठावरचं होतं. अर्नेस्ट विरोधात मत देणार म्हणून हटून बसला, आणि त्याला वळवायचं काम प्रतोदांनी माझ्यावर टाकलं. चहा पिता पिता मी त्याला धरलं.

“अरे लायनेल, माझी माणसं त्याच गाडीनं गोदीवर जातात. कोणत्या तोंडानं त्यांच्यासमोर उभा राहू?”

“तोंडाचं मग बघू. सरकार पडलं तर सगळेच घरी बसू. मीही पक्षाबरोबरच जाणार आहे ना?”

“नक्की?”

“शब्द देतो, बाबा.”

“बरं. तू आहेस तर मीही आहे.”

आमच्याकडे मत हात वर करून देत नाहीत. घंटा होते, होकारवाले एका दालनातून जातात, नकारवाले दुसऱ्या. दारं बंद व्हायच्या आत शिरायचं, तिथे नाव टिपतात आणि डोकी मोजतात. घंटा झाली तेव्हा मी विरोधी बाकांवरच्या एका गृहस्थाशी लीकवरून वाद घालत होतो. वाफ्यात राख घालावी की शेणखत. बोलता बोलता त्याच्या मागोमाग गेलो आणि शिरलो नकाराच्या दालनात. तत्त्व नाही, बंड नाही, काही नाही. राख की शेणखत, एवढंच.

चूक तिथल्या तिथे कळली. दारं अजून उघडी होती. धावत जाऊन दुसऱ्या दालनातही नाव देता आलं असतं; दोन्हीकडून गेलं की मताचं वजन उरत नाही, असे वेंधळे अधूनमधून निघतात. लोक चार दिवस हसतात. मी वळलोही होतो. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, “गारसाइड आला! शाब्बास रे पठ्ठ्या!” आणि माझ्या पाठीवर थाप पडली. पंधरा वर्षांत त्या इमारतीत माझी पाठ कोणी थोपटली नव्हती. मी थांबलो.

विधेयक एका मतानं पडलं. स्कार्थच्या स्टेशनावर माझ्यासाठी बँड आला. अर्नेस्ट शब्दाप्रमाणे होकाराच्या दालनातून गेला होता; हॅलोबीत त्याच्या दारावर लोकांनी माशांची मुंडकी फेकली. पुढच्या वर्षी तो निवडणूक हरला. जी गाडी वाचली तिच्यात तो पुन्हा चढला नाही, लोक तोंडावर थुंकतील म्हणून बसनं जायचा. एकदा बाजारात त्यानं माझी बाही धरली. “लायनेल, मला एकच सांग...” मी म्हणालो, “सभेला उशीर होतोय रे,” आणि निघालो. सहा वर्षांनी तो गेला. अंत्यविधीला मिरियमनं मला चर्चच्या दारात अडवलं. “आत येऊ नका. त्याला पुढे ढकललंत आणि स्वतः हीरो झालात.”

मिरियम, मी त्याला फसवलं नव्हतं. चुकलो होतो. मग चूक झाकली, आणि ते फसवण्याहून वाईट होतं.

६. दबावाबद्दल. मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली केलं नाही असं लिहायची रीत आहे; मी घडलं ते लिहितो. हॅरिएट पोटनिवडणुकीला माझ्याच जुन्या जागेवर उभी आहे. तिच्या पत्रकावर छापलंय, ‘पक्षापुढे न झुकलेल्या बापाची लेक’. तीन आठवड्यांपूर्वी मी तिला वरचं कलम वाचून दाखवलं, आणि म्हटलं, मरायची वाट कशाला, उद्याच जाऊ मिरियमकडे. ती उठून खिडकीशी गेली.

“जाऊ, बाबा. मी स्वतः नेते तुम्हाला. पण मतदान होऊ दे. तीस वर्षं थांबलात, तीन आठवडे जास्त होतात का?”

मी थांबलो. तिला दोष नाही. हे शिक्षण तिला माझ्याच घरात मिळालं.

७. आज मतदान. सकाळी सहीसाठी पिकर्सगिल आले, साक्षीला हॅलोबीच्या नर्स नेली ब्रेथवेट आल्या. मी पाचवं कलम वाचू लागलो तर नेलीबाईंनी हात वर केला.

“थांबा, साहेब. मिरियमबाई शनिवारी गेल्या. छातीत कफ भरला होता. मी तिथेच होते.”

पिकर्सगिल म्हणाले, लाभार्थीच हयात नाही तेव्हा कलम गळतं, खोडू का? मी ते तसंच शेवटपर्यंत वाचलं. नेलीबाई रुमाल शोधू लागल्या.

“अहो, अर्नेस्टसाहेबांना तेच वाटायचं. मिरियमबाईच सांगायच्या. ते म्हणायचे, लायनेल तसा नाही, वेंधळा आहे, चुकून शिरला असेल; एक दिवस येईल आणि सांगेल. बाई म्हणायच्या, यायचा नाही तो. त्यावरून दोघांचं रोज वाजायचं.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, साहेब. बाईंचंच खरं झालं.”

मला रडू आलं, हे साक्षीदारांनी पाहिलं आहे.

कलम खोडू नये. ते घरासोबत हॅरिएटकडे जातं. तिनं ते हॅलोबीच्या स्टेशनावर, गाडीची वेळ बघून, माणसं असताना वाचावं. तोवर ती खासदार झालेली असेल. तिनं नाही वाचलं तर कायदा काही करू शकत नाही, असं पिकर्सगिल सांगतात. मी सक्ती करत नाही. तिनं वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचला, मला मान्य आहे, आणि त्यांच्या देखत सही करतो.

(सही) लायनेल गारसाइड

साक्षीदार:
१. (सही) सिरिल पिकर्सगिल, वकील, स्कार्थ
२. (सही) नेली ब्रेथवेट, नर्स, हॅलोबी

स्थळ: स्कार्थ
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६, सकाळी साडेदहा. मतदान चालू आहे.