सातवी मात्रा

४ फेब्रुवारी, शनिवार

डब्यात बटणं नव्हतीच. कॅसेट निघाल्या — अकरा!

सकाळी चिरंजीवांचा फोन. "बाबा, सव्वीसला येतोय. आईचं शिवणाचं मशीन नेऊ का? तुमची छोटी नात शिवण शिकतेय." ने म्हटलं. मग हवापाणी, मग माझ्या गोळ्या, मग "बरं, ठेवतो." पंचवीस वर्षं आमचं बोलणं या दोन-तीन थांब्यांपलीकडे गेलेलं नाही.

दुपारी हिच्या शिवणाच्या खोलीत गेलो. ही जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून त्या खोलीत केर काढायला जातो तेवढाच. मशीनखाली पत्र्याचा डबा, वर कापडाच्या चिंध्या, खाली कॅसेट. एका आवरणावर वाळूत अर्धं पुरलेलं घड्याळ, एकावर कवट्या लगडलेलं झाड. बाप रे! पाहताक्षणी ओळखल्या. यातलीच एक मी कापली होती. त्याच्या परीक्षेच्या वर्षी, हिच्याच कात्रीनं. त्यावर मी पुन्हा कधी एक शब्द काढला नाही, त्यानंही नाही.

आणि हिनं लेकाच्या कॅसेट इतकी वर्षं जपल्या! आईच ती.

५ फेब्रुवारी

रात्रभर एकच घोळत होतं. सव्वीसला त्याला म्हणायचं — "चुकलं माझं." दोनच शब्द. पण नुसते कसे म्हणणार? काय कापलं ते तरी कळायला हवं ना! घड्याळ न उघडता दोष सांगणारा कारागीर मी नव्हे. चाळीस वर्षं दुकान चालवलं, एकदाही तसं केलं नाही.

म्हणजे ऐकायला हवं. सगळ्या अकरा!

६ फेब्रुवारी

जुना टेपरेकॉर्डर कपाटावरून काढला. आतला रबरी पट्टा वितळून डिंक झालेला. औषधाच्या बाटलीचं रबरी कडं बसवलं. चाललं! हात अजून शाबूत आहेत.

कॅसेट लावली. आधी बराच वेळ वाऱ्यासारखं काही, मग एकदम गिरणी सुरू झाल्यासारखी गिटार, मग गायक. गायक कसला — खोल विहिरीत पडलेला रेडा. दहा मिनिटांत बंद केलं. डोकं भणभणलं.

तरी कबूल करतो, वाऱ्याचा तो तुकडा छान होता. संध्याकाळची रिकामी शाळा आठवली.

८ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरचे वकील आले. दारातूनच — "काका, घरात पाडकाम काढलंय का?"

म्हटलं, "गाणं ऐकतोय."

ते आत आले, कॅसेटचं आवरण उचललं. टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस, आणि चेहरा असा की हरवलेलं जनावर सापडलंय! "काका, हे तुमच्याकडे? अहो, हा प्रोग! प्रोग्रेसिव्ह रॉक! कॉलेजात माझे केस इथपर्यंत होते —" आणि खांद्याखाली हात नेऊन दाखवला. मी टकलाकडे बघितलं. तेही हसले.

मग दोन मिनिटं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "काका! हे हळू वाजतंय. हा गायक बाईसारखा उंच गातो. तुम्ही त्याचा पार राक्षस करून टाकलाय!"

औषधाच्या बाटलीचं कडं! दोन दिवस मी चुकीच्या वेगानं ऐकत होतो. घड्याळजी म्हणवतो स्वतःला! सेकंदाचा काटा दिसला असता तर एका नजरेत कळलं असतं.

९ फेब्रुवारी

योग्य मापाचा पट्टा आणला, बसवला. लावलं.

काय आवाज हो! विहिरीतला रेडा गेला आणि आकाशात घार आली! गाणं बावीस मिनिटांचं. बावीस! खंडकाव्यच म्हणायचं. सर्ग आहेत, वर्णनं आहेत, मधेच युद्ध आहे, मग पुन्हा तेच वारं. शब्द एक कळत नाही. पण शाळेत पहिल्यांदा पाठ केलेल्या कवितांचे तरी कुठे कळले होते? चाल आधी अंगात शिरली, अर्थ दहा वर्षांनी मागून आला.

दुसऱ्या बाजूवर दुसरा गायक. तो मात्र योग्य वेगातही गुळण्याच करतो. वकिलांना विचारलं. म्हणाले, "तो असाच आहे. ते मेटल."

बरं.

११ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

परवापासून एक तुकडा छळत होता. ठेका धरायला जावं की पाय लटकतो. दुकानात लंबकाची घड्याळं यायची, भिंतीवर तिरकी टांगलेली. टिक — टॉक-टिक — टॉक. त्याला आम्ही लंगडं घड्याळ म्हणायचो. जन्मभर मी लंगडी घड्याळं सरळ केली. आणि इथे ही माणसं मुद्दाम लंगडतायत — लंगडत लंगडत नाचतायत!

आज बोटांवर मोजलं. आमचे गुरुजी टेबलावर बोटांची पेरं आपटून वृत्त शिकवायचे, तसं. गालगागा. गालगागा. गालगागा. दोन-एक-दोन-दोन. सात मात्रा! अहो, हे तर पाचवीच्या बाकावर बसून डोलत म्हटलंय मी! साठ वर्षं झाली, आणि तेच सात, विजेच्या गिटारीवर!

पुढच्या कॅसेटवर पाच निघाले. लगागा लगागा लगागा लगागा — भुजंगप्रयात! साप सळसळत जातो म्हणून ते नाव. ढोलवाल्याला कुणी सांगितलं? खोलीत एकटाच टाळ्या वाजवत उभा राहिलो.

जिन्यात वकिलांना गाठून म्हणून दाखवलं. हातात भाजीची पिशवी, तरी तिथेच उभे राहून त्यांनी चार वेळा म्हणून घेतलं. "काका, ही गोष्ट मला विसाव्या वर्षी कुणी सांगितली असती तर मी वकील झालो नसतो!"

खालच्या बाई म्हणाल्या, "भांडताय की गाताय?"

१४ फेब्रुवारी

आणखी एक नवल. आवरणांच्या आतल्या बाजूला निळ्या खडूच्या बारीक रेघा आहेत. मला वाटलं होतं शिवणाच्या खोलीत राहून डाग पडलेत. भिंग लावून पाहिलं. डाग कसले — मोजणी आहे! तीन रेघा, जागा सोडून चार रेघा. तीन-चार, तीन-चार. गाल, गागा!

म्हणजे त्यानंही मोजलं होतं. सतरा वर्षांचं पोरगं, माझ्यासारखंच पेरं मोजत बसलं होतं! बापावर गेला आणि बापाला पत्ता नाही. रोज संध्याकाळी मी कविता म्हणायचो, बोटांवर मात्रा मोजायचो, तेव्हा तो पुस्तकात डोकं घालून असायचा. ही दोरे तोडत, काज करत बसलेली. मला वाटायचं, दोघांपैकी एकाचंही लक्ष नाही. त्याचं होतं!

आनंद मावत नाही. लाजही वाटते.

१५ फेब्रुवारी

गुळण्या करणारा गायक आवडायला लागला! तो रागावलेला नाही, त्याला फार लागलंय. फरक आहे.

१८ फेब्रुवारी

वाळूतल्या घड्याळाची कॅसेट आज पुन्हा. दुसऱ्या बाजूला सातांचा एक लांब पल्ला आहे — गालगागा, गालगागा, अठ्ठावीस वेळा. आणि एकोणतिसाव्या वेळी सहाच! एक मात्रा गायब! पायरी आहे समजून पाय टाकावा आणि जमीन लागावी, तसं. काय धाडस! बेसावध ऐकणाऱ्याला असं पाडायचं! वहीत लिहून ठेवलं: "या जागी रचनाकाराला सलाम." चिरंजीवांना हेच आधी ऐकवायचं.

१९ फेब्रुवारी

सलाम रचनाकाराला नको होता.

वकिलांना ती जागा ऐकवली. त्यांनी कपाळ आक्रसलं. "काका, इथे असं नाहीये. मला हे पाठ आहे. इथे सातच आहेत." आणि मांडीवर वाजवून दाखवलं. सातच.

ते गेल्यावर डोळ्याला भिंग लावलं, फीत पेन्सिलीनं हळूहळू फिरवली. आहे. जोड आहे. कुणीतरी फितीचा चुरगळलेला तुकडा कापून दोन टोकं नखाएवढ्या चिकटपट्टीनं जोडलीत. इतकी सरळ, की बोटाला कळू नये.

हीच ती कॅसेट. सातवी मात्रा मी कापली.

२१ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो. कुणाला दाखवायचंय?

त्या दिवशी दुकानात वीज नव्हती, म्हणून भर दुपारी घरी आलो. जिन्यापासूनच आवाज. परीक्षा पंधरा दिवसांवर. शिवणाच्या खोलीत टेपरेकॉर्डर ठणाणतोय, ही मशीनवर, तो दारात उभा. "कुणाची ही कॅसेट?" मी ओरडलो. कुणीच बोललं नाही. मशीन थांबलं. मग तो म्हणाला, "माझी." मी कॅसेट खेचून काढली, फीत बाहेर ओढली, हिची मोठी कात्री उचलली. एकच घाव. ही खाली बघत होती. तोही खाली बघत होता. मी म्हणालो, "कानावर चांगलं पडावं म्हणून मी रोज घसा फोडतो, आणि घरात हा उकिरडा!"

शब्द न् शब्द आठवतो. कविता पाठ करणाऱ्याला ही एक शिक्षाच.

आणि त्या पोरानं ती गुपचूप जोडली. फेकली नाही. रागानं माझ्यापुढे नाचवली नाही. कुठून शिकला असलं नाजूक काम? माझ्याचकडून, अजून कुठून!

२३ फेब्रुवारी

तयारी जोरात. अकरावीही ऐकून झाली. आवडती तीन ठरवली. वकिलांनी शब्द पढवलेत — रिफ म्हणजे गिटारीचा फिरून फिरून येणारा तुकडा. मी त्याला ध्रुवपद म्हणतो. ते म्हणाले, "काका, चिरंजीवांसमोर रिफच म्हणा. खूष होतील."

आरशासमोर "चुकलं माझं" म्हणून पाहिलं. आवाज तिसऱ्या अक्षरावर फुटतो.

२५ फेब्रुवारी

उद्या! टेपरेकॉर्डर पुसला. मशीनवरची धूळ झाडली. त्याची खुर्ची खिडकीशी. कॅसेट त्या जागेच्या थोडी आधी आणून ठेवलीय.

२६ फेब्रुवारी, रविवार

आला. केस पांढरे झालेत त्याचे. मी काय म्हणून दचकलो?

जेवणं झाली. हवापाणी झालं, गोळ्या झाल्या. "बरं," म्हणून तो मशीन उचलायला उठला, तेव्हा मी म्हटलं, "बस जरा," आणि कळ दाबली. तो दचकला. ती जागा आली. सहा आले. मी टेप बंद केला. रिफ विसरलो, सगळं विसरलो. "इथली एक मात्रा मी कापली. चुकलं माझं." आवाज फुटलाच.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं उठून जाणार. तर हसायला लागला! डोळ्यांतून पाणी, आणि हसतोय. "बाबा, तुम्ही या सगळ्या ऐकल्यात? अकराच्या अकरा?"

म्हटलं, "दोनदा. वरच्या वकिलांना विचार. मेटलही."

"अहो, मला हे कधीच आवडलं नाही! डोकं उठायचं माझं. मला आपली साधी गाणी लागतात, तीन मिनिटांची."

"मग या —"

तो मशीनकडे बघत होता. हळूच म्हणाला, "आईनं तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही?"

२७ फेब्रुवारी

हिच्या होत्या.

तो नुसता आणून द्यायचा, मित्राकडून. रोज दुपारी मी दुकानात गेलो की ही त्या लावून शिवायची. त्या दिवशी त्यानं "माझी" म्हटलं, कारण हिच्या तोंडून शब्द फुटेना. जोडही हिचाच. निळा खडू — कापडावर खुणा करायचा. मोजायला कुणी शिकवलं, विचारलं. तर म्हणे, "तुम्हीच की! आई म्हणायची, हे अगदी ह्यांच्या कवितेसारखं चालतं, पण त्यांना सांगू नकोस, रागावतील."

मशीन तो ठेवून गेला. छोटीलाच इथे शिकायला पाठवतो म्हणाला.

आत्ता दुपारचे दोन. कॅसेट लावलीय, मशीनवर बसलोय, पाय पॅडलवर. गालगागा, गालगागा. अठ्ठावीस झाले की पाय अडखळतो. हिचाही अडखळला असेल, रोज.