बेचिराग गावची सरपंच

माय, आपलं गाव आता गावांत मोजत नाहीत. तलाठी मला म्हणाले, "ताई, तुमचं गाव बेचिराग झालं." बेचिराग म्हणजे जिथं एकाही घरात दिवा लागत नाही ते. नांदगाव खंडेश्वरच्या त्या कचेरीत उभ्या उभ्या मला आपल्या चुलीचा धूर आठवत राहिला.

भर दुपार आहे. तू पातोड्यांचा रस्सा ढवळते आहेस. सरपंच होऊन तुला दोन वर्षं झालीत, पण पदराला हात पुसायची सवय गेलेली नाही. घरं कमी म्हणून आपली ग्रामपंचायत मोडली, शेजारच्या मोठ्या गावाला जोडली. आज तिथले सरपंच चार माणसं घेऊन पंचायतीच्या नावाची पाटी न्यायला आलेत, आणि आपली पोरं पंचायतीच्या दारात आडवी बसली आहेत. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात तुराटी. मी धावत येऊन तुला सांगते. तू चुलीतलं लाकूड मागं ओढतेस आणि तशीच निघतेस.

मला वाटलं, तू आता त्यांना हाकलशील. तू म्हणालीस, "जेवाची येळ हाये. आधी जेवून घ्या सगळे."

मग आपल्या अंगणात ती माणसं आणि आपली पोरं एकाच पंगतीत बसली. तू वाढत होतीस. रस्सा इतका तिखट की सगळ्यांचे डोळे पाणावलेले, त्यामुळं कोण कशानं रडतंय ते कळत नव्हतं. शेवटी ते सरपंचच खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, हे आमी मागून नाही घेतलं."

"मले ठाऊक हाये. एक कबूल करा मातर. नळ पयले आमच्याकडं सोडाचा. आमी टोकाले हाओ, मांगून पाणी पोचत नाही."

त्यांनी घास हातातच धरला. "सोडतो."

पाटी तूच उतरवलीस, ओल्या फडक्यानं पुसलीस आणि त्यांच्या हातात दिलीस. रात्रभर मी तुझ्याशी बोलले नाही. सकाळी विचारलं, "भांडली कावून नाही?" तू पाण्याचा गुंड धुता धुता म्हणालीस, "पाटीतून पाणी येते का वं?" त्या माणसानं शब्द पाळला. तू होतीस तोवर नळ पहिल्यांदा आपल्याकडंच आला.

तू गेल्यावर गाव हळूहळू रिकामं झालं. भांडण नाही, आजार नाही. कोणाचा मुलगा मूर्तिजापूरला, कोणाची सून अमरावतीला, आणि एकेक कुलूप. मागच्या महिन्यात मी एकटीच गेले. भिंती खचल्यात. आपल्या अंगणात शेजारच्या काकांनी तूर पेरली आहे, माझ्या डोक्याएवढी. ऊन पिवळं होतं, वारा आला की सगळं शेत कुजबुजल्यासारखं हलायचं. घर नेमकं कुठून सुरू व्हायचं, ते मला सापडेना.

हे तुला कुठल्या पत्त्यावर धाडू? असू दे माझ्याजवळच. पण एक सांगते, दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. मी तिथं रडायला गेले होते, माय. बांधावर जरा टेकले आणि मला झोप लागली. उन्हं उतरेपर्यंत झोपले. इतकी गाढ झोप मला शहरातल्या घरात अजून एकदाही लागलेली नाही.