संगणक विभागातला चहा

ओकायामा, रविवार

तीर्थरूप योशिनोबूमामांना तामोत्सुचा वाकून नमस्कार.

तुम्ही पाठवलेले बांबूचे कोंब पोचले. मिओने ते उकडले, भातात घातले, सूपमध्ये घातले, तरी उरले म्हणून शेजारी वाटले. आता शेजारचे लोक त्याची परतफेड म्हणून त्यांच्या मामांनी पाठवलेले कोंब आम्हाला आणून देत आहेत, आणि पूर्वीपेक्षा आमच्याकडे कोंब जास्तच झाले आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? उशिमादोला वारा सुटला असेल, तेव्हा धक्क्यावर बसताना कमरेला काहीतरी गुंडाळत जा. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. (सगळे म्हणजे मिओ आणि मांजर. माझं खाली येईलच.) मी रोजच्यासारखा कंपनीतून मेल न करता हाताने पत्र का लिहिलं, असंही तुमच्या मनात आलं असेल. तेही खाली येईल. मी सगळं ओळीने सांगणार आहे, कारण ओळ सोडली की मला स्वतःलाच काही कळेनासं होतं.

तर आमच्या मिनातोया पंप कंपनीत यंदा एक कनेक्टर बसवला. बसवला म्हणजे मीच बसवला. कनेक्टर म्हणजे काय ते मिओला मी तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा ती माझ्याकडे काळजीने बघत राहिली, म्हणून तुम्हाला सोपं करून सांगतो. आस्थापना विभागाकडे कंपनीतल्या माणसांची नोंद असते आणि माझ्याकडे मेलचा सर्व्हर असतो. आजवर कोणी नवीन आलं की आस्थापनेच्या हाशिगुचीबाई मला फोन करायच्या, मग मी त्याची मेलची पेटी उघडायचो. कोणी गेलं की त्या फोन करायला विसरायच्या, आणि मी पेटी बंद करायला विसरायचो. त्यामुळे वारलेल्या दोन संचालकांना अजून दिवाळखोर शिंप्यांच्या जाहिराती येत होत्या. कनेक्टरने हे थांबणार होतं. तो रोज पहाटे आस्थापनेच्या नोंदी वाचणार, आलेल्यांच्या पेट्या उघडणार, गेलेल्यांच्या बंद करणार आणि माझ्या पडद्यावर हिरवा दिवा लावणार. विकणारा मुलगा तोक्योहून मिठाईचा डबा घेऊन आला होता. तो म्हणाला, "मियोशीसान, आता तुम्हाला काही म्हणता काही करावं लागणार नाही." मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मिठाई चांगली होती.

बसवताना यंत्राने एकच अवघड प्रश्न विचारला. माणूस कंपनी सोडून गेल्याचं दिसलं तर पेटी ताबडतोब बंद करू, की कोणाला तरी विचारून करू? आता हे ठरवणारा मी कोण? मी रीतसर प्रस्ताव लिहून वर पाठवला. त्यावर आमच्या साहेबांनी शिक्का मारला, आस्थापनेने मारला, विक्री विभागाने मारला, ज्या गोदामाचा यात काहीच संबंध नाही त्यानेही आपल्याला वगळलं असं वाटू नये म्हणून मारला, आणि कागद लाल ठिपक्यांनी भरून परत आला. उत्तर मात्र कुठेच नव्हतं. मंजूर, एवढंच होतं. काय मंजूर? दोन्ही? मी विचारायला जाणार होतो, पण इतक्या लोकांना जे कळलं आहे ते मला कळलं नाही असं दिसलं असतं. म्हणून मी 'ताबडतोब' दाबलं.

चाचणीसाठी मी एक खोटा कर्मचारी तयार केला होता, चाचणी तारो नावाचा. त्याची पेटी झकास उघडली. (ती अजून उघडी आहे. त्याला सुरक्षा सप्ताहाचं निमंत्रण आलं, वैद्यकीय तपासणीची आठवण आली, आणि परवा विक्री विभागाच्या कोणीतरी त्याला कामाला उशीर केल्याबद्दल झापलं.)

आता कुवाबारासानांकडे येतो. तुमच्या बरोबर गळ टाकून बसणारे आणि पंधरा मिनिटांत एक शब्द बोलणारे तेच आमचे कुवाबारासान. माझी नोकरी त्यांच्या शब्दावर लागली हे मी विसरलेलो नाही. कंपनीत त्यांचं काम म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना मेल लिहिणं. पंपाबद्दल त्यात शेवटी एखादी ओळ असते. आधी हवा, मग गिऱ्हाइकाच्या आईची तब्येत, मग त्याच्या अंगणातलं पर्सिमनचं झाड. गिऱ्हाइकं तितकंच लांब उत्तर लिहितात आणि शेवटी दोन पंप मागवतात. कुवाबाराकाकू वारल्यापासून त्यांच्या घरी बोलायला कोणी नाही, त्यामुळे सकाळी येऊन पेटी उघडणं हाच त्यांचा संसार आहे असं म्हटलं तरी चालेल. मार्चअखेर ते साठ वर्षांचे झाले म्हणून निवृत्त झाले, आणि सगळ्यांसारखे दुसऱ्या दिवशी सल्लागार म्हणून त्याच खुर्चीवर परत रुजू झाले. फुलंबिलं नकोत, उद्या पुन्हा तोंड दाखवायचं आहे, असं त्यांनीच सांगितलं होतं.

पण कनेक्टरने पहाटे वाचलं ते एवढंच, की कुवाबारा गेले. पेटी बंद. मग त्याला आस्थापनेच्या दुसऱ्या पानावर नवा क्रमांक असलेले एक सल्लागार कुवाबारा दिसले, त्यांच्यासाठी पेटी उघडायला गेला तर त्या नावाची पेटी आधीच होती. बंद का असेना, पण होती. तेव्हा आपलं काम झालेलं आहे असं समजून त्याने हिरवा दिवा लावला. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी त्या दिव्याकडे बघून चहा पीत होतो.

दोन दिवसांनी कुवाबारासान माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "पेटी जरा उघडत नाहीये," म्हणाले, आणि लगेच, "नाही नाही, घाई काहीच नाही. तुम्ही कामात दिसताय." मी नोंद उघडली. समोर 'निवृत्त' असं लिहिलेलं. (ते दुसरं पान असतं हे मला कोणी सांगितलं होतं?) म्हणजे वरच्यांनी यांना परत घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि यांना सांगितलंच नाही! ते सांगणं माझ्याच्याने होईना. मी म्हणालो, "बसा ना. चहा घेणार?"

मामा, संगणक विभागात आजवर कुणी कुणाला चहा विचारलेला नाही. कुवाबारासान हळूच म्हणाले, "अस्सं होय." चहा प्यायले, कप स्वतः धुतला आणि गेले.

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण काही झालंच नाही. कुवाबारासान रोज एकेक वस्तू पिशवीतून घरी नेऊ लागले. विक्री विभागाच्या लोकांना मेलच्या पत्त्यांमध्ये त्यांचं नाव सापडेना, तेव्हा त्यांनी ओळखलं की ते जाणार, आणि विचारणं बरं दिसणार नाही म्हणून विचारलं नाही. हाशिगुचीबाईंनी रिकामं होत चाललेलं टेबल पाहिलं आणि त्यांना वाटलं की हे आपणहून सोडून चालले, तर आपण कोण अडवणार? विक्रीचे कागावासाहेब समजले की हे आस्थापनेचं काम. मी समजलो की कागावासाहेबांचं. सगळे त्यांच्याशी फार गोड बोलू लागले. एकदा तर कागावासाहेबांनी त्यांच्यासाठी लिफ्ट धरून ठेवली, तेव्हा माझी पक्की खात्री झाली.

शुक्रवारी निरोपाची मेजवानी झाली. स्टेशनजवळच्या खानावळीच्या त्या वरच्या मजल्यावर, जिथे मिओच्या भावाने आमच्या लग्नात नाच केला होता. एक जागा रिकामी होती. चौकशी केली तर ती चाचणी तारोची. "हल्लीच्या पोरांना निरोपालासुद्धा यायला होत नाही," असं कागावासाहेब म्हणाले आणि मी मान डोलावली. दुसरं काय करणार? मग त्यांनी भाषण केलं. अर्ध्यावर त्यांनी रुमाल काढला. कुवाबारासान उठून म्हणाले, "तोंडावर सांगण्याची वेळ तुम्ही कोणी स्वतःवर आणली नाहीत, माझ्यावरही आणली नाहीत. इतक्या हळुवारपणे कोण वागवतं?" आणि त्यांनी नेमकं माझ्याकडे बघून मान झुकवली. हाशिगुचीबाईंनी फुलं दिली. सगळे रडत होते. मीही रडलो, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

एवढ्यात दार सरकलं आणि काळा सूट, काळा टाय, हातात जपमाळ आणि मयताच्या घरी द्यायच्या पैशांचं पाकीट घेतलेले एक गृहस्थ आत आले. हे शोदो बेटावरचे इनुई, शेवयांचा कारखाना आहे त्यांचा. कुवाबारासानांचं तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. समोर कुवाबारासान हातात फुलं घेऊन उभे.

"अहो, तुम्ही तर मेलात ना!" इनुई ओरडले.

"नाही बुवा," कुवाबारासान म्हणाले. "पण आलात, फार बरं वाटलं. बसा."

"बसा काय बसा! मी आईच्या बारशा-बिरशाचं सगळं लिहून मेल धाडला, तर तुमच्या कंपनीचं उत्तर, या नावाची कोणीही व्यक्ती येथे नाही! पुन्हा धाडला, पुन्हा तेच. बायको म्हणाली, गेले बिचारे. मिळेल ती बोट धरली मी. ऑफिसात विचारलं तर पहारेकरी म्हणाला, कुवाबारासानांचा निरोप ना, स्टेशनजवळ, खानावळीच्या वरच्या मजल्यावर." (आईचं बारसं म्हणजे त्यांच्या बोटीचं. बोटीला आईचं नाव दिलंय. मलाही आधी कळलं नव्हतं.)

मग इनुई तिथेच बूट काढलेल्या पायांनी उभे राहून सगळ्यांना विचारू लागले, "जिवंत आहेत, धडधाकट आहेत, मग यांना काढलं कोणी?" बेटावरची माणसं अशी तोंडावर विचारतात. कागावासाहेबांनी हाशिगुचीबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "आम्ही? आम्ही तर पाच वर्षांचा करार केलाय त्यांच्याशी!" आणि त्यांनी कागावासाहेबांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून चाचणी तारोच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मी माझ्या ताटातल्या माशाकडे पाहिलं. मासाही माझ्याकडेच बघत होता. मला त्या क्षणी सगळं कळलं, पहिलं पान, दुसरं पान, हिरवा दिवा, सगळं, आणि मी तो मासा उलटा करून ठेवला. तेवढ्यात कागावासाहेब केवढ्यांदा तरी "चला, प्याले भरा!" म्हणाले आणि सगळे सुटल्यासारखे प्यायले. भाषण झालेलं, फुलं दिलेली, साहेब रडलेले. आता हे सगळं परत कोण घेणार? कुवाबारासान फुलं घेऊन घरी गेले. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "तो चहा मी विसरणार नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असो. तुम्ही तब्येतीला जपा. मामींना सांगा की लोणच्याची बरणी परत पाठवतो आहे. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

आपला भाचा,
तामोत्सु मियोशी

ता. क. : मी पत्र लिहिलं ते खरं तर यासाठी. या आठवड्यात तुम्ही दोघं धक्क्यावर बसाल तेव्हा कुवाबारासानांना सांगा, की सरळ कंपनीत जायचं आणि आपल्या खुर्चीवर बसायचं. कारण सांगायचं नाही, खुलासा मागायचा नाही. कोणी काही विचारणार नाही याची हमी मी देतो. त्यांना घालवताना कोणी एक शब्द बोललं नाही, तर परत आल्यावर कोण बोलणार? मी स्वतः सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा त्यांनी खिडकीतून हात केला, मी फिरायला आलोय असं दाखवून पुढे गेलो. तुम्हीच सांगा मामा. त्या घरात ते एकटे बसलेत हे मला सहन होत नाही.

ता. क. २ : काल शनिवारी ऑफिसात जाऊन मी त्यांची पेटी पुन्हा उघडली. इनुईंनी घरून निघण्याआधी ओळखीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं होतं, त्यामुळे उघडताक्षणी शोकसंदेश यायला लागले. मी फक्त वरच्या ओळी पाहिल्या. त्यातल्या एकीवर 'आता हवा कशी आहे ते आम्हाला कोण सांगणार' असं होतं. मी एकही पुसलेला नाही. ते त्यांनी स्वतः वाचावेत, हेही त्यांना सांगा.

ता. क. ३ : त्यांची उघडायला मी कनेक्टरला सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचायला लावल्या, त्यात माझी पेटी बंद झाली. एप्रिलमध्ये माझी सामान्य विभागातून संगणक विभागात कागदोपत्री बदली झाली, म्हणजे मी एका पानावरून गेलो आणि दुसऱ्यावर आलो. कनेक्टरला जाणं तेवढं दिसलं असणार. दुसरं काही नाही. हे मी मिओला नीट समजावून सांगितलंय. कुणाला विचारायची गरज नाही, म्हणून विचारलंही नाही. फक्त काल निघताना हाशिगुचीबाई ऑफिसात होत्या, आणि त्यांनी मला चहा विचारला.

माझा कप मी घरी आणला आहे. तुमच्याकडे तिसरा गळ असेल तर जरा काढून ठेवा.